क्षारासुराची कैद : प्रकल्प नोंदी

१५ जून २०२५

आजपासून या वहीत नव्या मोहिमेच्या कामाच्या नोंदी ठेवायच्या आहेत. गावच्या वाचनालयात रविवारी संध्याकाळी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा कथाखेळ चालतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. आम्ही त्याची २०१४ ची पाचवी आवृत्ती वापरतो. खेळणाऱ्यांत बारावीची दोन पोरे, बोअरच्या गाडीवर काम करणारा एक जण, अंगणवाडीच्या ताई आणि कृषी केंद्रात हिशेब लिहिणारी एक मुलगी आहे. गोष्ट चालवण्याचे काम माझ्याकडे आहे. त्यांची पात्रे आता सतराव्या पातळीला पोहोचली आहेत, म्हणजे जादूगाराला नवव्या पातळीचा, अर्थात सर्वांत वरचा मंत्र टाकता येऊ लागला आहे. हिशेबनीस मुलीच्या जादूगारणीने उल्कापात, इच्छापूर्ती असले भपकेबाज मंत्र सोडून बंदिवासाचा मंत्र निवडला, तेव्हा बाकीच्यांनी तिला वेड्यात काढले. मला मात्र ती निवड फार आवडली.

मंत्राचा नियम मराठीत आणायचा, त्याच्याभोवती दिवाळीपर्यंत पुरेल अशी मोहीम रचायची आणि टेबलावर लागणाऱ्या वस्तू गावातच करून घ्यायच्या, एवढे काम ठरले आहे. खेळाच्या मूळ नियमांचा गाभा जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला आणि हा मंत्र त्यात आहे. त्यामुळे श्रेय देऊन मराठी पाठ छापायला व वाटायला कोणाची आडकाठी नाही. पाऊस लागला की पेरणीची धांदल सुरू होईल, तेव्हा पुढचे दोन-तीन रविवार पाच जण जमतीलच असे नाही.

२२ जून

नियमाचा पहिला मराठी पाठ तयार झाला. टेबलावर सगळे सरसकट ‘स्पेल’ आणि ‘सेव्ह’ म्हणतात. लेखी पाठात मी मंत्र आणि बचावफेक हे शब्द ठेवले आहेत.

नियम असा आहे. तीस फुटांच्या आत असलेल्या आणि डोळ्यांना दिसणाऱ्या एका प्राण्यावर हा मंत्र टाकता येतो. त्या प्राण्याने शहाणपणाची बचावफेक करायची, म्हणजे मंत्र चुकवण्यासाठी फासा टाकायचा. ती फसली तर तो बांधला जातो, आणि साधली तर त्या जादूगाराचा हा मंत्र त्याच्यावर पुन्हा कधीही चालत नाही. बांधलेल्या प्राण्याला श्वास, अन्न, पाणी यांपैकी काही लागत नाही, त्याचे वय वाढत नाही आणि कोणत्याही शोधमंत्राने तो सापडत नाही. मुदत नाही, मोडेपर्यंत कैद कायम. मोडण्याचे मार्ग मात्र मोजके आहेत. मंत्र टाकतानाच सुटकेची एक अट घालता येते आणि ती पूर्ण झाली की कैदी सुटतो. दुसरा मार्ग जादू मोडण्याच्या मंत्राचा. पण तो नवव्या पातळीच्या जोराने, कैदखान्यावर किंवा कैद करताना वापरलेल्या खास वस्तूवर टाकला तरच लागू पडतो. तिसरा मार्ग नियमाच्या अगदी शेवटच्या ओळीत आहे आणि माझी मोहीम बहुधा त्यावरच उभी राहील : एका खास वस्तूने एका वेळी एकच कैद निर्माण होते, आणि तीच वस्तू घेऊन दुसऱ्या कोणावर मंत्र टाकला की पहिला कैदी तत्क्षणी मोकळा होतो.

साहित्याचा खर्च पाहून पोरांचे डोळे फिरले. कैद्याचे चित्र किंवा कोरलेली प्रतिमा लागते आणि त्याखेरीज ती खास वस्तू, जिची किंमत कैद्याच्या प्रत्येक जीवन-फाशामागे (प्राण्याचा जीव किती चिवट हे ठरवणारे फासे) किमान ५०० सुवर्णमुद्रा असली पाहिजे. नियमपुस्तकातल्या बॅलर या राक्षसाचे एकवीस फासे असतात, म्हणजे त्याच्यासाठी १०,५०० मुद्रा; टारास्क नावाच्या महाकाय जनावराचे तेहतीस, म्हणजे १६,५०० मुद्रा. हिशेबनीस मुलीने हे गणित कॅल्क्युलेटरला हात न लावता सांगितले आणि आपल्या पात्राच्या खजिन्यात किती कमी पडते हेही लगेच सांगून टाकले.

मंत्र म्हणायला एक मिनिट लागते, ही गोष्ट वरवर वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते. खेळातल्या लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते, म्हणजे दहा फेऱ्या जादूगाराने चित्त ढळू न देता मंत्र म्हणत राहायचे. मध्येच मार बसून चित्त ढळले तर मंत्रशक्ती खर्ची पडत नाही, पण मंत्र पहिल्यापासून म्हणावा लागतो. शत्रूला जागच्या जागी धरून ठेवण्याची तजवीज आधी झाल्याशिवाय या मंत्राला हात घालण्यात अर्थ नाही.

२९ जून

पेरण्या आटोपलेले तिघे आणि मी लोणारला जाऊन आलो. मोहिमेची जागा तिथल्यासारखी असावी हे पहिल्यापासून मनात होते. काठावरून खाली पाहिले की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची ती वाटी, तिच्या उतारावरचे दाट रान आणि तळाचे हिरवट पाणी एकाच नजरेत मावते. खाली उतरून पाण्याजवळ गेलो तर आधी वास येतो, नासलेल्या अंड्यासारखा; काठच्या चिखलावर खाराची पांढुरकी पुटे धरलेली असतात आणि बुटाच्या टाचेखाली ती पापडासारखी मोडतात. बारावीतल्या एका पोराने त्यातला कपटा उचलून जिभेला लावला आणि परत वर चढेपर्यंत थुंकत राहिला.

लोणासुराची कथा आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. हा दैत्य जमिनीखालच्या विवरात दडून राही. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेऊन त्याच्या बहिणींकडून ठिकाण काढून घेतले, पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडवले आणि पलंगावर झोपलेल्या दैत्याला मारले. झाकण जिथे पडले ती धाकेफळजवळची टेकडी. सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त आणि खार हे त्याचे मांस. भूशास्त्राचे म्हणणे वेगळे आहे. हे विवर बेसाल्ट खडकावर बाहेरून आलेल्या पिंडाच्या आघाताने झाले, हे १९७०च्या दशकात तळाला छिद्रे घेऊन काढलेल्या खडकावरून ठरले. वयाचा पूर्वीचा अंदाज सुमारे पन्नास हजार वर्षांचा होता. नंतरच्या मोजणीत तो पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास गेला.

मंत्राच्या दृष्टीने ही कथा वाचली तर तिच्यात निम्मा नियम आधीच हजर आहे. दैत्य जमिनीखाली आहे, त्याचे ठिकाण कुणाला सापडत नाही आणि ते काढायला जादू उपयोगी पडत नाही, माणसांनाच विचारावे लागते. दैत्यसूदन मंदिराच्या गाभाऱ्यात विष्णू दैत्यावर उभा आहे. त्या मूर्तीपुढे उभ्या असताना ताईंनी हळूच विचारले की कैद्याची प्रतिमा कोरायला त्याचा चेहरा ठाऊक असावा लागतो, तो कुठून आणायचा? इथूनच आणायचा. मोहिमेतल्या मंदिरात देवाच्या पायाखालचा असुर हाच चेहऱ्याचा एकमेव पुरावा असेल, आणि तो शतकानुशतकांच्या शेंदराखाली बुजलेला असेल.

मात्र खुद्द लोणासुर खेळात घ्यायचा नाही असे मी ठरवले. त्या कथेत दैत्य मारला जातो. आमच्या खेळात तो मेलेला नसून कोंडलेला आहे, आणि लोकांच्या श्रद्धेतली कथा आपल्या सोयीने फिरवणे मला बरे वाटत नाही. खेळातल्या सरोवराचे नाव खारतळे आणि दैत्याचे नाव क्षारासुर.

६ जुलै

आषाढी. बैठक नाही. संध्याकाळी देवळात कीर्तन झाले. बुवांनी आख्यानाला नहुषाची कथा घेतली होती.

कीर्तन ऐकताना सुटकेच्या अटीचा प्रश्न बराच उलगडला. आपल्या पुराणांत नुसता शाप सहसा नसतो, त्याच्या मागोमाग उःशाप येतो. अगस्त्यांनी नहुषाला अजगर केले, पण त्याच्या प्रश्नांची उत्तरे देणारा भेटला की सुटका, हेही ठरले; ती उत्तरे युधिष्ठिराने दिली. नलकूबर आणि मणिग्रीव यमलार्जुन वृक्ष होऊन गोकुळात उभे राहिले ते बाळकृष्णाने उखळ ओढत आणेपर्यंत. मुचुकुंदाची गोष्ट उलटी आहे, तो वर मागून झोपला आणि जो उठवील तो भस्म होईल असे ठरले. पण रचना तीच. या प्रत्येक ठिकाणी अट डोळ्यांना दिसणारी आहे. कुणी येतो, उत्तर देतो, ओढतो, लाथ मारतो. ‘पापक्षय झाल्यावर सुटशील’ असे मोघम कोणी सांगत नाही.

नियमपुस्तक नेमके हेच मागते. अट कितीही गुंतागुंतीची असली तरी चालते, पण ती दिसणाऱ्या कृतीवर किंवा गुणावर बेतलेली हवी. एखाद्याचे नाव, ओळख किंवा उपास्यदैवत यांवर ती बेतता येते. पात्राची पातळी, वर्ग, जीवनांक (किती मार सोसेल तो आकडा) अशा खेळाच्या हिशेबातल्या अदृश्य गोष्टींवर नाही. शिवाय अट वाजवी आहे आणि ती कधीतरी खरी होऊ शकते, हे खेळ चालवणाऱ्याला पटले पाहिजे. मला तर वाटते की या मंत्रात भिंती, साखळ्या, रत्ने हा सगळा देखावा आहे आणि मंत्राचा जीव त्या एका वाक्यात आहे. कधीच न उघडणाऱ्या कोठडीची गोष्ट पहिल्याच दिवशी संपते.

१३ जुलै

कैदेचे पाच प्रकार आहेत, त्यांतला क्षारासुरासाठी कोणता, यावर आजची सगळी बैठक गेली.

रत्नाचा प्रकार पोरांना आवडला. त्यात कैदी इंचभर उंचीचा होऊन हिरा, माणिक अशा पारदर्शक खड्यात कोंडला जातो. प्रकाश आत-बाहेर जातो, त्यामुळे तो दिसतो आणि त्यालाही बाहेरचे दिसते, पण खडा फुटत नाही की कापला जात नाही. खिशात दैत्य घेऊन हिंडण्याची कल्पना त्या वयाला भुरळ घालणारच. साखळदंडाचा प्रकार सरळ आहे : जमिनीत रुतलेल्या साखळ्या, आणि कैदी कोणत्याही उपायाने हलत नाही. हिरवट जेडची लहान प्रतिकृती वापरून केलेला कोंडवाडा हा वेगळ्याच छोट्या जगात असतो. तो चक्रव्यूह असू शकतो, पिंजरा किंवा मनोराही. तो सरोवराच्या उपयोगाचा नाही.

खरी चुरस निद्रा आणि दफन या दोघांत झाली. कथेत दैत्य पलंगावर झोपलेला आहे म्हणून ताई निद्रेच्या बाजूने होत्या. माझा आक्षेप असा की निद्रेच्या प्रकारात कैदी उठत नाही एवढेच. त्याच्या देहाला कसलेही कवच मिळत नाही. गुंगीच्या दुर्मीळ वनस्पती जाळून झोपवलेला दैत्य उघड्यावर पडलेला असेल तर पहिला येणारा त्याचा गळा चिरून मोकळा होईल. दफनात कैदी जमिनीखाली फार खोल, त्याच्या अंगाएवढ्याच मायावी शक्तीच्या गोलात बंद होतो. गोलातून काहीही आरपार जात नाही, आणि मंत्राने स्थानांतर करून किंवा दुसऱ्या लोकात जाऊनही आत-बाहेर करता येत नाही. खास वस्तू म्हणजे मिथ्रल या कल्पित धातूचा लहान गोळा.

त्यावर बोअरच्या गाडीवाल्याने विचारले, “भाऊ, आन तेथं बोअर मारला त लागन काय त्याले?” सगळे हसले, पण प्रश्न रास्त होता. ‘फार खोल’ म्हणजे किती फूट, हे नियमात दिलेले नाही. तोच पुढे म्हणाला की आमच्याकडे काळा पत्थर लागला की बिट गरम होते आणि आवाज बदलतो; गोलावर बिट आले तर आवाज कसा येईल? मी निवाडा दिला की बिट गोलावर घासून बाजूला सरकेल, गोलाला ओरखडाही येणार नाही, आणि वर येणाऱ्या भुकटीत काहीच नसेल. हा प्रसंग मोहिमेत घेतो आहे. खारतळ्याच्या काठी विहीर खणणाऱ्यांना अशी एक जागा लागते जिथे पहार वाजत नाही.

दफन नक्की झाले.

२७ जुलै

अटीचे मसुदे. हे काम एका बैठकीत उरकेल असे वाटले नव्हते आणि उरकले नाही. पण मजा आली.

प्राचीन काळी क्षारासुराला गाडणाऱ्या जादूगाराने कोणती अट घातली असेल, हे प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. एका पोराने लिहिले, ‘एखादी निष्पाप व्यक्ती त्याच्यासाठी रडेल तेव्हा.’ रडणे दिसते, निष्पापपणा दिसत नाही, नामंजूर. त्याने वाद घातला की लहान मूल म्हणू या. लहान मूल चालेल, मी म्हणालो, कारण वय ही दिसणारी गोष्ट आहे. पण मग भुकेने रडणारे तान्हे आणि त्याच्यासाठी रडणारे तान्हे यांतला फरक कोण ठरवणार? ताईंनी लिहिले, ‘सरोवराचे पाणी गोड होईल तेव्हा.’ वाक्य सुंदर आहे. पण खाराच्या तळ्याचे पाणी गोड होण्याची शक्यता मला दिसेना, आणि शक्यता पटल्याशिवाय मंजुरी देता येत नाही. बोअरवाल्याची चिठ्ठी अशी होती : ‘एकाच दिवशी लागोपाठ बारा बोअरले पानी लागन तवा.’ अट दिसणारी आहे, मोजता येणारी आहे, आणि वऱ्हाडात राहून तिला वाजवी म्हणण्याचे धाडस माझ्याच्याने झाले नाही.

शेवटी हिशेबनीस मुलीची चिठ्ठी ठरली : ‘खारतळ्याचे पाणी रक्ताच्या रंगाचे होईल तेव्हा.’ बाकीच्यांना ही अट अशक्य कोटीतली वाटली. तिने फक्त २०२० च्या जूनची आठवण करून दिली. त्या महिन्यात लोणारचे पाणी गुलाबी झाले होते आणि टाळेबंदी असूनही त्याचे फोटो घरोघरी पोहोचले होते. पातळी खाली जाऊन क्षार वाढले आणि खारात वाढणारे गुलाबी सूक्ष्मजीव माजले, असे कारण पुढे तपासणीत निघाले. म्हणजे अट दिसणारी आहे, दुर्मीळ आहे आणि तरीही होऊ शकते. जुन्या कथेत पाणी दैत्याचे रक्तच आहे, हा धागाही तिच्यात आपोआप आला.

शब्दरचना मात्र अजून सैल आहे. हिरण्यकशिपूने वर मागताना दिवस, रात्र, घर, दार, माणूस, पशू सगळे मोजले होते आणि तरी उंबरठा, संध्याकाळ व नरसिंह एवढी फट राहिलीच. आमची अट खरेदीखतातल्या चतुःसीमेसारखी लिहिली गेली पाहिजे, म्हणजे पुढे टेबलावर बांधावरून भांडण होणार नाही.

१० ऑगस्ट

आकडेमोड. क्षारासुराला एकवीस जीवन-फासे दिले, म्हणजे गोळ्याची किंमत १०,५०० मुद्रा. जादूगारणीच्या मंत्राची कठीणता, म्हणजे बचावफेकीत गाठायचा आकडा, १९ येते : आठ मूळ, सहा प्रावीण्याचे, पाच बुद्धीचे. असुराच्या शहाणपणाच्या बचावफेकीला +५ ठेवले, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १४ किंवा त्याहून अधिक पडले तर तो सुटतो. ही शक्यता ३५ टक्के. मोठ्या राक्षसांना जादूविरुद्ध दोन फासे टाकून वरचा घेण्याचा जो गुण असतो तो दिला असता तर हीच शक्यता जवळजवळ ५८ टक्क्यांवर गेली असती. एकदा सुटला की त्या जादूगारणीचा हा मंत्र त्याच्यावर कायमचा निकामी, आणि तेवढ्यासाठी संपूर्ण पावसाळ्याची मोहीम पाण्यात घालणे मला पटत नाही. तो गुण काढून टाकला. मात्र फसलेली बचावफेक दिवसातून तीनदा साधली असे ठरवण्याचा पुराणपुरुषांचा हक्क त्याच्याकडे ठेवला आहे. तो हक्क आधी खर्ची पाडणे हेच बाकीच्या चौघांचे काम असेल.

त्याला मिनिटभर धरून ठेवण्यासाठी मुलीने शक्तिपिंजऱ्याचा सातव्या पातळीचा मंत्र काढला. तिला एक बारकावा दाखवावा लागला. पिंजरा दोन तऱ्हांचा असतो. बंद पेटीसारख्या पिंजऱ्यातून कोणताही मंत्र आरपार जात नाही, तेव्हा तिचा बंदिवासही आत पोहोचणार नाही. गजांचा पिंजरा घ्यावा लागेल, आणि गजांतून असुराचे मंत्रही बाहेर येतील.

२३ ऑगस्ट

काल पोळा, आज तान्हा पोळा. नागपूरला आज मारबत निघते आणि ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत संकटाला गावाबाहेर घालवतात. आम्ही संकट गावाखाली पुरून ठेवण्याच्या खटपटीत आहोत.

पोरांचे लाकडी नंदी करून देणारे सुतारकाका गेले काही दिवस मानही वर करत नव्हते. ते आज मोकळे झाले तेव्हा त्यांच्याकडे सागाचा एक उरलेला तुकडा पडला होता. लोणारच्या मूर्तीवरून मी काढलेले वेडेवाकडे रेखाटन त्यांनी दूर धरून पाहिले आणि “हे तोंड हाय का ढोपर?” असे विचारून रेखाटन बाजूला ठेवले. मग पटाशीच्या कोपऱ्याने त्यांनी आधी भुवया काढल्या. डोळे उघडे ठेवू की मिटलेले, हे त्यांनी विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही. त्यांनी ते कोरायचे ठेवून बाकीचा देह पुरा केला. वीतभर उंचीचा असुर, गुडघे छातीशी, जेवढ्या गोलात मावेल तेवढाच.

मिथ्रलच्या गोळ्यासाठी ट्रॅक्टरच्या गॅरेजमधून मोठ्या बेअरिंगचा छर्रा मिळाला. रॉकेलने धुऊन तो लखलखीत झाला आहे आणि हातात धरला की वजन जाणवते.

आज गोष्टीचा कणाही पक्का केला. हा मंत्र टाकल्यावर गोळा नष्ट होतो असे नियमात म्हटलेले नाही, तेव्हा तो कुठेतरी असणार आणि कुणीतरी तो सांभाळत असणार. काठावरच्या एका घराण्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या आहे; त्यांना तो देव्हाऱ्यातला गोटा वाटतो. शेजारच्या राज्यातला एक मांत्रिक असा गोळा शोधतो आहे, कारण त्याला आपल्या भावाला गाडायचे आहे आणि नवा गोळा घ्यायला पैसे नाहीत. त्याने तो वापरला की क्षारासुर सुटला. त्या मांत्रिकाला क्षारासुर हे नावही ठाऊक नाही, हे मला विशेष पसंत आहे.

८ सप्टेंबर

काल रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. खग्रास स्थिती रात्री ११ ते १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत होती. ढग येत-जात होते, पण वाचनालयाच्या गच्चीवरून तांबूस चंद्र मधूनमधून दिसला. समोरच्या शेततळ्यात त्याचे प्रतिबिंब पडले आणि बारावीतले दुसरे पोरगे, जे एरवी बैठकीत तोंड उघडत नाही, एकदम म्हणाले, “भाऊ, पानी लाल झालं. सुटला तो!”

अर्धा तास वाद झाला. त्याचे म्हणणे नियमाला धरून होते : अट दिसण्यावर बेतलेली आहे आणि पाणी लाल दिसते आहे. ताई म्हणाल्या की प्रतिबिंब चंद्राचे आहे, रंग पाण्याचा नाही. मग मावळतीच्या वेळी रोजच सुटला असता की, ही हिशेबनीस मुलीची कोटी. अट दिवसाउजेडी, सूर्य चांगला वर असताना पाहायची, हे ठरले. ओंजळीत घेतलेले पाणीही लालच दिसले पाहिजे, ही सूचना मी घेतली नाही, कारण गुलाबी सूक्ष्मजीव तळाशी बसले की वरचे पाणी निवळते आणि मग अट कधीच पुरी होणार नाही. त्याऐवजी ‘काठापासून काठापर्यंत’ हे शब्द घातले.

२१ सप्टेंबर

चाचणीचा पहिला खेळ झाला. विहीर, न वाजणारी पहार, शेंदराखालचा चेहरा हे सगळे अपेक्षेप्रमाणे चालले, तेव्हा त्यावर अधिक लिहीत नाही. ठरवलेले नसलेले घडले ते असे.

राखणदाराच्या घरातली म्हातारी गोळ्याची पूजा करते, त्याला दूध पाजते, असे मी वर्णन करत होतो. ताईंनी मधेच विचारले, “मंग तो आत जागाच असन का?” मी नियम पुन्हा काढून वाचला. निद्रा सोडली तर कोणत्याही प्रकारात कैदी झोपतो असे लिहिलेले नाही. १९७८ च्या जुन्या नियमात हाच मंत्र स्पर्शाने टाकायचा होता, त्याला बचावफेकच नव्हती, आणि कैदी जीव गोठलेल्या अवस्थेत गोलात पडून राही. त्याला सोडवायला उलटा, मुक्तीचा मंत्र होता. पुढच्या काही आवृत्त्यांतही ती गोठलेली अवस्था होती. २०१४ च्या पाठात श्वास नको, अन्न नको, वय नाही एवढेच उरले आहे. शब्दाला शब्द धरला तर क्षारासुर हजारो वर्षे आपल्या अंगाएवढ्या अंधारात टक्क जागा आहे.

टेबलावर बराच वेळ कोणी फासा उचलला नाही. मग बोअरवाला म्हणाला, “असं त पोलीसबी नाई करत.” त्यावर हशा झाला, पण मोहिमेची दिशा तिथेच बदलली. तोवर पाचही जण गोळा परत मिळवून कैद टिकवण्याच्या मागे होते. आता ताई आणि बारावीतला बोलका पोरगा कैद मोडावी या बाजूला गेले. मी निवाडा दिला की तो जागा आहे. नरम पर्याय माझ्या हातात होता, जुन्या नियमाचा आधारही होता. पण झोपेतून उठलेला असुर फक्त चवताळून अंगावर येतो. जागा राहिलेला असुर आधी विचारतो की मला आत घालणाऱ्याचे नाव अजून कोणाला आठवते का. दुसरा असुर मला चालवायचा आहे.

सुतारकाकांकडे निरोप पाठवला : डोळे उघडे.

१२ ऑक्टोबर

सोयाबीनची कापणी आणि मळणी. बैठका बंद. मराठी पाठाची मुद्रिते तपासली.

९ नोव्हेंबर

कापसाची वेचणी चालू असूनही पाचही जण आले. शेवटचा खेळ दुपारी सुरू झाला आणि रात्री उशिरा संपला.

मांत्रिकाने भावाला गाडले आणि क्षारासुर खारतळ्याच्या काठावर उभा राहिला. त्याने लढाई सुरू केली नाही, बोलणे सुरू केले. ताईंच्या पात्राने त्याच्याशी बराच वेळ वाटाघाट केली आणि ती जवळजवळ जमली होती. काठावरची गावे त्याची होती आणि ती त्याला परत हवी होती, या एका मागणीवर ती मोडली. मग पिंजरा, गजांचा. बाकीच्यांनी त्याचे तीनही हक्क खर्ची पाडले; त्यातला तिसरा पाडायला बोअरवाल्याचे पात्र कामी आले आणि पडले. दहा फेऱ्या मुलीने मंत्र धरून ठेवला, त्यात दोनदा मार बसूनही चित्त ढळले नाही. असुराच्या बचावफेकीचा फासा मी सगळ्यांसमोर टाकला. अकरा.

नवा गोळा तिने स्वतःच्या हिश्शाचे सगळे सोने, मंत्रांची वही आणि घोडा विकून आधीच घेऊन ठेवला होता, हे तोवर तिने कोणालाच सांगितले नव्हते. सुटकेची अट मंत्र टाकतानाच सांगायची असते, म्हणून दुपारीच तिने ती घडी घालून माझ्याकडे दिली होती. ती अशी :

“खारतळ्याच्या काठच्या सातही गावांतून प्रत्येकी एक माणूस, आपल्या मर्जीने, एकाच दिवशी सूर्य वर असताना पाण्याशी येईल आणि क्षारासुराचे नाव घेऊन एखाद्या मागच्या गुन्ह्याची माफी दिली असे मोठ्याने म्हणेल, तेव्हा ही कैद सुटेल.”

मर्जी दिसत नाही, म्हणून ‘आपल्या मर्जीने’ काढून ‘हातपाय मोकळे असताना, कोणी शस्त्र न उगारता’ असे घातले. ‘एखाद्या’ काढून ‘त्याच्या’ घातले. बाकी मंजूर. पाठ उद्या तालुक्याला छपाईला जाईल. छर्रा गॅरेजवाल्याला परत द्यायचा आहे.